छातीतला म्हादेव आन मंजूचा पेपर

"ईनबाई, तुमच्यापेक्षा माझा म्हादेव मोठा हाय!"

...आस्सं म्हनली बगा मला! माझ्या तोंडावर! एका हातानं छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरलेला, दुसरा हात कमरंवर, आन वर मलाच म्हनती, "तुमचा आपला सुपारीएवढा व्हता, माझा बगा, चांगला लिंबाएवढा हाय!" तुमाला सांगते, सत्तरी वलांडली माझी, भांडनं म्या ह्या जिंदगीत लई केली. नळाच्या पान्यासाठी केली, दुकानातल्या मापासाठी केली, लेकाच्या लग्नात मानाच्या साडीसाठी तर आख्खा मांडव डोक्यावर घेतला... पन कुनाच्या फुफ्फुसातला डाग कुनापेक्षा मोठा ह्याच्यावरून भांडायची येळ येईल, आसं सपनात बी वाटलं नव्हतं!

ह्या पार्वतीबाई. किल्लारीच्या. माझी सून रेणुका हाय ना, तिची आई, म्हंजी माझ्या ईनबाई. आमचं पटत न्हाई आसं न्हाई हां... आमचं जमतंय, फकस्त एका घरात, एका येळेला, एका इषयावर जमत न्हाई. म्या कानातलं नवीन केलं की त्येंचं जुनं दुखाया लागतं. मला चष्मा लागला तर त्येंला मोतीबिंदू! माझा गुडघा धरला तर त्येंचे दोन्ही! आन आता माझ्या छातीत म्हादेव निघाला म्हनल्यावर त्या काय मागं राहत्यात व्हय?

आता तुमी म्हनताल, नागम्मा, छातीत म्हादेव ही काय भानगड हाय? थांबा की. सांगते. समद्या जगानं ही भानगड पाह्यली, लाखानं पाह्यली, पन वाचली कुनी? कुनी न्हाई! हितंच तर माझं डोकं फिरतं.

त्येचं आसं झालं, चार-पाच सालामागं मला खोकला धरला. माझी नात मंजुश्री, रेणुकाची लेक, छातीची डाक्टर हाय, लातूरला मेडिकल कालेजात पोरांना शिकवती, तिनं मला धरून एका एक्स-रेवाल्याकडं नेलं आन बाहीर फोनवर बोलत उभी राहिली. आत त्यो मानूस, मान वर न करता, शाळंत हजेरी घ्यावी तसा म्हनला, "आजी, अंगावरचं धातूचं समदं काढा, काकनं काढा, चेन काढा, गाऊन घाला, चला चला, मागं लाईन हाय." आता आमी लिंगायत. गळ्यात इष्टलिंग आसतं, चांदीच्या डबीत. त्ये जलमापासून अंगावरचं उतरवायचं न्हाई, मेल्यावर बी संगं जातं. म्या इचार केला. धातू काढा म्हनला ना? डबी चांदीची, काढली. आतला देव काय धातूचा हाय? न्हाई. मंग त्याला बारक्या फडक्यात बांधला, दोरा गळ्यातच ठिवला, आन देव सरकवला पाठीवर, गाऊनच्या आत. का? आवो, फोटू काढायलेत ना! लग्नाच्या फोटूत तुमच्या पाठीला काय चिटकलंय त्ये दिसतंय का? न्हाई! मंग ह्या फोटूत कामून दिसंल? सांगा, माझं काय चुकलं?

तर दिसला ना मेला! छातीत गोल डाग. सुपारीएवढा.

मला कुनी सांगितलं न्हाई हां. पन घरातलं वारं कळतंच की. सून कणीक मळता मळता रडायली, आन इचारलं तर म्हनती कांदा चिरला. कांदा कुटं हाय गं बाई, परातीत? लेक रोज शेजारी येऊन बसाया लागला. पन्नास वर्सांत ज्यानं कधी आई जेवलीस का इचारलं न्हाई, त्यो म्हनतो, "आई, तुला काय खावंसं वाटतं का?" तवाच म्या वळखलं, नागम्मा, तुजं तिकीट निघालं! म्हनलं मरायचंच हाय तर गुलाबजाम आना. पाव किलो एकलीनं खाल्ले. मग मंजूनं मोठ्या मशीनमदी घालायला नेलं, गाऊनची नाडी बांधाया माझ्या पाठीवरून हात फिरवला, आन तिथंच थबकली.

"आज्जी, हे काय आहे?"

"देव हाय."

"एक्स-रेच्या वेळी कुठं होता?"

"आत्ता हाय तिथंच. म्या काय त्याला बाजारात धाडलं व्हतं?"

पोरगी आदी हासली, मंग रडली, मंग माझ्या अंगावर वरडली, आन मंग लिहाया बसली. शानी पोर! नुसती माझीच कथा न्हाई हां. तिनं वर्स-दीड वर्स दवाखान्यात आल्याल्या मानसांना इचारलं, तुमी अंगावरचं काय उतरवत न्हाई? कुनाचं इष्टलिंग, कुनाचा ताईत, कुनाचा दर्ग्याचा दोरा, कुनाचा करदोडा. आन लिहिलं, की बाबांनो, "काढा" म्हनून वरडू नका, आदी इचारा. आन लिंगायताला म्हनावं, देव डाव्या तळहातावर घ्या. आमी पूजेला रोज घेतोच की तसा! हात कमरंवर, देव हातात, छाती मोकळी, फोटू साफ. परत परत एक्स-रे नको, मानसाच्या जिवाला नाहक घोर नको. किती साधं काम! परदेशातल्या मोठ्या मासिकात छापून आलं. इंग्रजीत. त्ये धाडायच्या आदीच म्या मंजूला समोर बसवलं व्हतं, म्हनलं वाच मराठी करून, एक ओळ सोडायची न्हाई. त्यात एका जागी व्हतं, 'पेशंट महिलेनं सूचना पाळली नाही.' म्हनलं, थांब! काढ त्ये! धातू काढा म्हनला, धातू काढला. सूचना म्या पाळली. त्येची सूचनाच अर्धवट व्हती! छापायच्या आदी तिनं बदललं हां त्ये. 'सूचना अपुरी होती' आसं घातलं. आज बी तिथं हाय. जावा, बगा. न्हाई बगनार म्हना तुमी बी.

तर पेपर छापला. आन वाचला कुनी? कुनी न्हाई!

मंजू रोज राती... न्हाई, रोज सकाळी उठल्या उठल्या फोन उघडून बघायची, मान हालवायची आन चहा थंड करायची. म्हनलं काय बघतीस? म्हनली, "सायटेशन बघते आज्जी." त्ये काय आसतं? तर दुसऱ्या डाक्टरनं आपल्या पेपरात हिच्या पेपराचं नाव घ्यायचं. म्हनलं, आगं बाई, उखानाच की हा! लग्नात नवरी नवऱ्याचं नाव घेती, तसं हे डाक्टर लोक पेपराच्या शेवटाला एकमेकाचं नाव घेत्यात. जेवढ्या जनी नाव घेत्याल तेवढा पेपर मोठा. आन मंजूच्या पेपराचं नाव? कुनी घेईना. मांडवात नटून उभी राहिलेली पोरगी, आन इचारायला कुत्रं फिरकंना!

आता हितं आमचे नातजावई येतात. वीरेश. मंजूचा नवरा. त्ये बी डाक्टर, पन कातडीचे आन केसांचे, आन अर्धा दिस फोनसमोर उभं राहून बोलनारे. मानूस सोन्यासारखा हां, पन हातात फोन आला की त्येंचं कायतरी हुतं. त्ये म्हनले, "मंजू, तू पेपर लिहिलास, पण लोकांपर्यंत नेलास का? माझ्यावर सोड." आन काढली की रील! माझा एक्स-रे, मागं डमरू वाजायलाय, आन वर मोठ्या अक्षरात... 'आज्जीच्या छातीत जे निघालं, ते पाहून डॉक्टरही हादरले!' चेहरा दाखवला न्हाई म्हनं, कायद्यानं. पन आवाज माझा घातला! आवो जावईबापू, उदगीरात पन्नास वर्स किरानाच्या गल्ल्यावर बसून म्या गिऱ्हाइकांना वरडलेय, हा आवाज कुनाला म्हैत न्हाई? तर शेवटाला, डमरू थांबल्यावर, ह्यांनी बरोबर सांगितलं व्हतं, की डाग नव्हता, पाठीवरचं इष्टलिंग व्हतं, आन पेपराची लिंक खाली दिलीय. सांगितलं व्हतं! पन तिथंवर थांबतंय कोन? कुन्या शान्यानं शेवट कापला, पुढं धाडला. दुसऱ्यानं वर लिहिलं, 'लातूरच्या माउलीच्या हृदयात स्वयंभू महादेव, विज्ञान निरुत्तर.' झालं! कंधारवरून जीप भरून बाया आल्या. देगलूरहून एक तेलुगू बोलनारी बाई आली, तिची भाषा मला कळंना, माझी तिला, पन पाय मात्र दोन्ही धरले. म्या सोप्यावर बसून वरडायलेय, "आवो, पाठीवर व्हतं, पाठीवर!" तर त्या माझ्या पाठीला बी कुंकू लावायल्या! आन नारळ... अव्वा गं, किती नारळ! घरात महिनाभर दुसरी चटनी न्हाई.

पेपर मातर चढायला लागला. पेपराच्या शेजारी म्हनं एक रंगीबेरंगी कडं आसतं, जिलबीसारखं, आन मधी आकडा. कुनी बी पेपराची लिंक पुढं धाडली की आकडा वाढतो. उघडायची गरज न्हाई, वाचायची गरज न्हाई, निस्ती धाडायची! वीरेश फोन घेऊन घरभर नाचायला, "आज्जी, चारशेच्या वर गेला! जगात वरच्या नंबरात!" मंजूचे मोठे साहेब, मलप्पा सर, त्येंचा फोन आला. मंजूनं स्पीकरवर लावला. काय ती भाषा, इस्त्री केल्यावानी! "डॉक्टर मंजुश्री, अभिनंदन! आपला पेपर सर्वत्र गाजतोय. संस्थेचं नाव उज्ज्वल केलंत." मंजू म्हनली, "सर, आपण वाचलात?" "म्हणजे... पाहिला." "सर, मग आपल्या एक्स-रे रूममध्ये तो एक प्रश्न विचारायला सुरुवात करू या?" "कोणता प्रश्न?"

कोन्ता प्रश्न! आवो, समदा पेपरच त्यो प्रश्न हाय!

आता तुमाला माझं सांगते. म्या शाळंची पायरी चढलेली न्हाई. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येयाची, तिच्यावर बोट ठिवून ठिवून, गिऱ्हाईक न्हाई आसं बगून, एकलीनं वाचाया शिकले. पन पुडीचा कागद म्हंजी अर्धी बातमी. खून झाला हे माझ्या कागदावर, कुनी केला हे शेंगदान्याच्या पुडीवर, आन ती पुडी गेली गिऱ्हाइकाच्या पिशवीत! म्या काय करायची म्हैत हाय? दुकान बंद केल्यावर त्या गिऱ्हाइकाच्या घरी जायची, म्हनायची, शेंगदाने तुमी खावा, कागद दावा. लोक हासायचे. हासू द्या! नागम्मानं अर्ध्या बातमीवर इस्वास ठिवला न्हाई. आन हितं, अख्खा पेपर फुकट पडलाय, कुनाच्या घरी जायचं न्हाई, निस्तं बोट दाबायचं, तरी वाचला कुनी? कुनी न्हाई!

हासण्यावारी गेलं आसतं हो हे समदं. नारळ संपले आसते. पन मंग पार्वतीबाईला खोकला झाला.

एक्स-रे झाला. ह्या येळेला मंजू स्वता समोर उभी. देव तळहातावर घ्याया लावला, समदं नीट, आन तरी डाग. खरा. थुंकी तपासली. टीबी. मंजूनं आज्जीचा हात हातात घेऊन सांगितलं, आज्जी, भ्यायचं न्हाई, बरा हुतो, रोज सकाळी गोळ्या, सहा महिने, पन एक दिस चुकवायचा न्हाई. आन म्हातारी हासली! म्हनली, "मला म्हैत हाय गं मंजे, काय निघालंय त्ये." गोळ्यांची पिशवी नेली, खुंटीला अडकवली. आन एक्स-रे? एक्स-रे देवघरात! इभूतीचे पट्टे वडले, वर झेंडूचं फूल, समोर निरांजन! बरं, नावच पार्वती. तिच्या छातीत म्हादेव येनार न्हाई तर कुनाच्या येईल, आसं म्हनून अर्धी गल्ली पाया पडायली, आन ही बाई समद्यांच्या तोंडावर खोकायली!

रेणुका माझ्यापाशी येऊन बसली, म्हनली, "आत्या, माझी आई मरंल हो. तुमचं ऐकंल तर ऐकंल." म्हनलं, तुज्या आईनं माझं कधी ऐकलंय का? पन निघाले. मोटारीत पुढं वीरेश आन मंजू, मागं म्या. लातूरपासून किल्लारीपतुर दोघांचं भांडन. मंजू माझ्यासमोर नवऱ्याला अहो म्हनती, आन राग आला की... "ए वीरेश! तुझ्या रीलनं माझी आज्जी मरायला लागलीय!" त्यो म्हनतो, "रीलनं निदान माहिती तरी पोचली, तुझा पेपर कोण..." तेवढ्यात मंजूचा फोन वाजला. बगती तर काय, पहिलं सायटेशन! कुनीतरी परदेशी डाक्टरनं पेपराचं नाव घेतलं! गाडी कडंला घेतली. मंजू वाचायली, वाचायली, आन तिचं तोंड उतरलं. म्हनलं, काय गं? तर त्या परदेशी डाक्टरचा अभ्यासच व्हता, की ज्या पेपरांचा फोनवर लई गवगवा हुतो, त्यांचं पुढं कुनी नाव घेत न्हाई. आन ह्याला दाखला म्हनून मंजूचा पेपर! आता बगा, हिचं कुनी नाव घेत न्हाई हे सांगाया त्यानं हिचं नाव घेतलं! म्हनलं, मंजे, त्यानं तरी वाचला आसंल का? मंजू म्हनली, "आज्जी, त्यानं रंगीत कड्यातला आकडा वाचलाय." म्हनलं, चला, निदान कायतरी वाचलं.

तर पोचलो. आन पार्वतीबाईनं दारातच त्यो एक्स-रे देवघरातून काढून खिडकीला धरला, आन म्हनली जे तुमाला पहिल्यांदाच सांगितलं. माझा म्हादेव मोठा!

मंजूनं लई समजावलं. "आज्जी, हा जंतू हाय गं, जिवंत जंतू, मी दुर्बिणीत स्वता पाह्यलाय." म्हातारी म्हनती, "म्हादेवाच्या गळ्यात साप राहतोय, जंतूला काय झालं?" वीरेश हात जोडून म्हनले, "आज्जी, ती रील मीच केली होती, मीच सांगतो, तसं काही नव्हतं." तर त्येंला म्हनती, "जावईबापू, तुमी तवा खोटं बोललाव का आत्ता बोलायलाव, ह्येची ग्यारंटी काय?" मंग म्या पुढं झाले. म्हनलं, "ईनबाई, माझ्या छातीत काय बी नव्हतं. देव पाठीवर व्हता. म्या स्वता सरकवला." तर बाई मान वाकडी करून, गोडीत म्हनती, "व्हता की. तुमच्यातच व्हता. पन तुमाला गर्व झाला ना, नारळ खाऊन... म्हनून त्यो तुमच्यातून उठला आन माझ्यात आला!"

म्या म्हनलं मंजूनं मराठीत लिहून दिल्याला पेपर वाचून दावते. म्हनती, "इतक्या लाख लोकांनी पाह्यलं, त्ये समदे खुळे, आन तुमी एकल्या शान्या?" म्या म्हनलं, "हाव!" आन मंग तिला खोकला आला. आसा आला की भिंत धरावी लागली. त्यो एक्स-रे हातात थडथड वाजायला, आन हात वर धरल्याला ना, तर मनगटातल्या बांगड्या घसरत घसरत पार कोपराच्या वर गेल्या. ह्याच बाईच्या हातात म्या संक्रांतीला तेल लावून लावून बांगड्या चढवल्या व्हत्या! खोकला थांबल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, पदर मुठीत लपवला, आन बारीक आवाजात म्हनली, "भूकंपात समदं घर माझ्यावर पडलं व्हतं, ईनबाई. आंधारात त्येचंच नाव घेत पडले व्हते, त्येनंच हात दिला. आता त्यो सवताहून आत येऊन बसलाय, तर गोळ्या घालून हाकलून देऊ व्हय?"

वीरेशनं फोन खिशात घातला. आन म्या उभी, हातात पेपर... खरा पेपर, अख्खा, शेवटापतुर वाचल्याला. आन त्याचा पैशाचा उपेग न्हाई!

आज पार्वतीबाई ठनठनीत हाय बरं का. डाग गेला. बांगड्या परत मनगटात अडकायल्या. समद्या गावाला सांगत फिरती की म्हादेव सेवेनं तृप्त झाला आन कैलासाला परत गेला, आन वीरेशच्या मोबाईलवर तिचा निरोप येतो, जावईबापू, ह्येच्यावर बी एक काढा की! आन मंजू कपाळाला हात लावून मला म्हनती, "आज्जी, सहा महिने एक दिवस चुकला नाही तिचा. तू तिला त्या दिवशी जे म्हणालीस, ते मी पेपरात कसं लिहू गं?" म्हनलं, नको लिहू. लिहून वाचनार कोन हाय? खरं काय त्ये सांगून सांगून तर म्या हारलेच व्हते. म्हनून मंग त्या दिशी त्यो पेपर घडी घालून कमरंला खोवला, खुंटीवरची गोळ्यांची पिशवी काढली, निरांजनापुढं ठिवली, आन म्हनलं:

"बरं ईनबाई, हाय तुमच्या छातीत म्हादेव, आन माझ्यापेक्षा मोठा हाय, पन त्यो लई खोकायलाय, तवा रोज सकाळी उपाशीपोटी त्येला ह्या गोळ्यांचा निवद दावा... आन परसाद म्हनून तुमी गिळा."